बाटलीत नेलेलं पाणी

तेरणा-मांजराच्या खोऱ्यातल्या कुठल्याही जुन्या गावात जा आणि पारावर बसलेल्यांना विचारा, तुमच्याकडं अभ्यासाला कोण कोण येऊन गेलं. यादी लांबत जाते. १९९३च्या भूकंपानंतर यंत्रं घेऊन आलेले, बहात्तरच्या दुष्काळावर प्रबंध लिहिणारे, आत्महत्या झालेल्या घरांत प्रश्नावली भरून घेणारे, मातीचे नमुने नेणारे, पाण्याचे नमुने नेणारे. प्रत्येकाला चहा मिळालेला असतो, कुणाकुणाला जेवणही. मग विचारा, त्यातून काय निघालं हे सांगायला कुणी परत आलं का? याचं उत्तर सगळीकडं सारखंच मिळतं.

मी धाराशिव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात भूगोल शिकवते. पर्यावरणाचा पेपरही माझ्याकडंच असतो. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही जवळच्या एका गावात विहिरींची पातळी मोजायला जातो. तिथल्या मावशींनी एकदा मला थांबवून विचारलं, "म्याडम, मागं ती पोरं आमच्या हिरीचं पाणी बाटलीत भरून न्हेली. काय निघालं त्याच्यात? लेक बाळंतपणाला यायलीय, म्हणून इचारलं."

त्या मुलांचा शोध घेतला. नमुने एका संशोधन प्रकल्पासाठी नेले होते आणि त्यावरचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला होता. सारांश तेवढा वाचायला मोकळा. पुढचं पान उघडायला चाळीसेक डॉलर. लेखकाला मेल केली, तर त्यांनी त्याच रात्री पूर्ण लेख पाठवला आणि सोबत मूळ तक्ताही. खाली लिहिलं होतं, गावात परत जायचं मनात होतं, पण प्रकल्पाच्या खर्चात त्यासाठी तरतूदच नव्हती. माणूस भला होता, आणि तेच मला जास्त लागलं. माणूस भला असूनही उत्तर गावापर्यंत पोचलं नव्हतं.

मावशींच्या विहिरीत नायट्रेट जास्त निघालं होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा, आणि ही विहीर तिच्या बरीच वर. कारण समोरच दिसत होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला गोठा, गोठ्यामागं उकिरडा, आणि पलीकडं खताची पोती रिचवणारं उसाचं रान. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधासाठी असं पाणी वापरलं, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. मावशी पाणी उकळून देणार होत्या. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. बाळाच्या वरच्या दुधाला गावातल्या आरओचं पाणी वापरा आणि अंगावरचं दूध चालू ठेवा, एवढं सांगायला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं चाळीस डॉलरच्या दारामागं अडकून पडली होती.

खुलं संशोधन म्हणजे काय, हे मला वर्गात शिकवावं लागतं. त्याच्या व्याख्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. युनेस्कोनं नोव्हेंबर २०२१मध्ये खुल्या विज्ञानाची शिफारस मंजूर केली. तिच्यात लेख आणि माहिती सर्वांना मोकळी असावी, एवढंच म्हटलेलं नाही. समाजातल्या लोकांचा संशोधनात सहभाग हवा, आणि विद्यापीठाबाहेरच्या ज्ञानपरंपरांशी संवाद हवा, हेही तिचेच भाग आहेत. आपल्याकडं २०२५च्या जानेवारीपासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिकं. सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या पोरापोरींना ती वाचायला मिळू लागली. ज्यांनी माझ्यासारखं एकेका लेखासाठी कुणाकुणापुढं हात पसरले आहेत, त्यांना हे केवढं मोठं आहे ते कळेल. तरीही मावशींसाठी ते दार आजही बंदच आहे, आणि उघडलं तरी आत सगळं इंग्रजी.

खुलेपणानं काय होऊ शकतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण लँडसॅटचं. आमच्याकडं बहात्तरचा दुष्काळ पडला होता, माणसं खडी फोडत होती, त्याच जुलै १९७२मध्ये पहिला लँडसॅट उपग्रह सुटला. तेव्हापासून पृथ्वीची चित्रं साठत गेली, पण ती विकत घ्यावी लागत. एका चित्राला एके काळी चार हजारांवर डॉलर पडत, पुढं सहाशेच्या घरात. विक्रीचं सर्वांत चांगलं साल धरलं तरी दिवसाला ५३ चित्रं खपायची. २००८मध्ये अमेरिकेनं सगळा साठा फुकट खुला केला आणि काही वर्षांत रोज ५,७००च्या आसपास चित्रं उतरवून घेतली जाऊ लागली. उपग्रह तेच होते, चित्रं तीच होती.

त्या हजारोंमध्ये आता आमचं कॉलेजही आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी धनेगावच्या मांजरा धरणाची चित्रं वर्षावार लावायला सांगते. २०१५ साली मराठवाड्यात पावसाळ्यात सरासरीच्या ४० टक्के तूट होती. २०१६च्या एप्रिलच्या चित्रात धरणाच्या जागी फिकट तपकिरी डाग दिसतो. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर घेऊन. ही मुलं तेव्हा लहान होती. घागरींच्या रांगा त्यांना आठवतात, धरण कसं दिसत होतं ते त्यांनी पाहिलेलं नसतं. कळंबकडचा एक मुलगा ते चित्र बघून बराच वेळ माउस हलवत राहिला. धरणाच्या कडेनं कुठं कुठं हिरवं शिल्लक आहे, ते तो मोजत होता. "मॅडम, हे ऊस हाय ना?" उसाचंच होतं. हा प्रश्न त्याला कुठल्या पुस्तकानं दिला नव्हता, आणि चित्र विकत घ्यावं लागलं असतं तर पडलाही नसता.

पण वरून सगळं दिसत नाही. २००२च्या मार्चमध्ये ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी अवकाशात गेली. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक टिपून जमिनीखालचं पाणी किती घटलं, याचा अंदाज तिच्यावरून येत असे. राजस्थान, पंजाब, हरियाणाच्या पट्ट्यातून २००२ ते २००८ या काळात १०९ घनकिलोमीटर भूजल गेलं, हा गाजलेला निष्कर्ष २००९ साली याच मोजणीतून निघाला, आणि ती मोजणी जगात कुणालाही फुकट मिळते. मात्र या जोडीला साधारण दीड लाख चौरस किलोमीटरपेक्षा लहान तुकडा नीट उमगत नसे. आपला आठ जिल्ह्यांचा मराठवाडा जेमतेम ६५ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे पैठणपासून किनवटपर्यंत आणि अजिंठ्यापासून उमरग्यापर्यंत आपण सगळे मिळूनही त्या नजरेला एक ठिपका पुरा पडत नव्हता.

आणि जमिनीवर स्थिती अशी की दोन विहिरींचं एकमेकींशी पटत नाही. आपल्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, लाव्ह्याचे थरावर थर. त्या पाषाणात पाणी वाळूत मुरावं तसं सगळीकडं मुरत नाही. ते भेगांत असतं, झिजलेल्या मुरमात असतं, मांजऱ्यात म्हणजे सच्छिद्र खडकात असतं, दोन थरांच्या सांध्यात असतं. म्हणून एकाला साठ फुटांवर पाणी लागतं आणि बांधापलीकडं भाऊबंदाचा बोअर पाचशे फुटांवरही धुरळा काढतो. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चारदा निरीक्षण विहिरी मोजते आणि ते काम तिनं वर्षानुवर्षं नेटानं चालवलं आहे. पण त्या विहिरी चार हजारांच्या आसपास, आणि राज्यात खेडी चाळीस हजारांवर. आयआयटी मुंबईच्या गटानं ‘पोकरा’ या राज्य सरकारच्या शेती प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचं साधन केलं. ते क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरवर चालतं. पाऊस, माती, पीक भरलं की पाणी कुठं गेलं याचा हिशेब मिळतो. माझ्या मुलांनी ते वापरून पाहिलंय. आलेला हिशेब खरा की खोटा, हे मात्र शेवटी विहिरीत डोकावूनच ठरवावं लागतं. ते डोकावणं जिथं विहीर आहे तिथल्या माणसालाच रोजच्या रोज जमतं.

विहीर मोजायची आमची रीत साधी आहे. कठड्यावर एका जागी लाल ऑइलपेंटचा ठिपका. दर वेळी टेप तिथूनच सोडायचा. स्टीलच्या टेपच्या शेवटच्या मीटरभर भागावर फळ्याचा खडू घासायचा आणि टेप पाण्यात थोडा बुडेपर्यंत खाली सोडायचा. ठिपक्यापाशी बारा मीटरचा आकडा धरला आणि वर ओढल्यावर खडू ३८ सेंटिमीटरपर्यंत काळपट ओला दिसला, तर पाणी ठिपक्यापासून ११ मीटर ६२ सेंटिमीटरवर. त्यातून कठड्याची उंची, समजा ९० सेंटिमीटर, वजा केली की जमिनीपासून १० मीटर ७२. एवढं गणित चौथीतल्या पोराला येतं. अवघड वेगळंच आहे. मोटर चालू असताना मोजलं तर आकडा विहिरीचा राहत नाही, मोटरीचा होतो. आणि मोटर कधी चालू होईल ते थ्री फेज लाईट कधी येईल त्यावर. एका आठवड्यात ती रात्री येते, दुसऱ्या आठवड्यात दिवसा. म्हणून वहीत तारखेशेजारी आम्ही आणखी एक रकाना ठेवलाय : मोटर बंद करून किती तास झाले. बाहेरच्या माणसाला हा रकाना फालतू वाटेल. माझ्या मते अख्ख्या वहीत सर्वांत मोलाचा रकाना तोच आहे. तो नसेल तर दहा वर्षांनी हा आकडा हातात घेणाऱ्याला कळणारच नाही की त्यानं नेमकं काय हातात घेतलंय.

माहिती खुली करणं म्हणजे आकडे जालावर टाकणं, असं समजणाऱ्यांशी माझं इथंच भांडण आहे. कुणी मोजलं, कशानं मोजलं, कुठून मोजलं, तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं, हे सोबत नसेल तर तो आकडा उघडा असतो पण मुका असतो. सरकारी संकेतस्थळांवर असे मुके आकडे ढिगानं आहेत.

गावातले एक आबा आमच्या टेपकडं पहिल्या वेळी नुसते बघत राहिले. नंतर म्हणाले, "आम्ही पायरीवर मोजतोत." त्यांच्या जुन्या विहिरीला आतून दगडी पायऱ्या आहेत, भिंतीतून बाहेर आलेल्या. पोळ्याला वरून सहावी पायरी पाण्याखाली असली की रब्बीची ज्वारी निघते आणि हरभऱ्यालाही एक पाणी मिळतं. सहावी उघडी असली की हरभरा धरायचा नाही. हे त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. आमच्यातल्या एका मुलीनं प्रत्येक पायरी टेपनं मोजून तिची खोली लिहून काढली, आणि मग आबा आठवणीतून बोलू लागले. कोणत्या साली पोळ्याला पाणी कुठं होतं. थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वर्षी चौथीला. रेल्वेनं लातूरला पाणी आणलं त्याच्या आदल्या पोळ्याला तळ दिसत होता. सगळीच सालं त्यांना आठवत नाहीत, आणि जिथं आठवत नाही तिथं ते ठाम नाही म्हणतात, अंदाज ठोकत नाहीत. आमच्या तक्त्यात हे आकडे वेगळ्या रंगात आहेत आणि ‘कुणी मोजलं’ या रकान्यात आबांचं नाव आहे. उद्या कुणी या तक्त्यावरून शोधनिबंध लिहिला, तर ते नाव तिथं असलं पाहिजे, हे मी विद्यापीठातल्या ओळखीच्या लोकांना स्पष्ट सांगून ठेवलंय. पोळा आणि सहावी पायरी यांचा संबंध लावणारा माणूस नुसता माहिती देणारा नाही. निष्कर्ष त्यानंच काढलाय.

विहिरींचं असं जमत गेलं. बोअरवर आल्यावर गाव अडलं.

बोअर किती फूट, किती इंची पाणी, कुणाचा, कुठल्या गटात, असं विचारलं की माणसं विषय बदलायची. यामागं अडाणीपणा नाही, पक्का हिशेब आहे. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरवर बंधनं आहेत. आमच्याकडं पाच-सहाशे फूट ही आता सर्रास गोष्ट झालीय. नाव आणि गट नंबरासकट खोली जालावर गेली, तर उद्या तोच तक्ता नोटीस बनून दारात येईल, ही भीती खोटी कशी म्हणू? दुसरी भीती आणखी खोलवरची. नकाशात आपलं गाव लाल दिसलं की जमिनीचा भाव पडतो आणि पोरांची लग्नं अडतात. पाणी नसलेल्या गावात मुलगी द्यायला लोक आधीच कां कूं करतात. एका तरुण शेतकऱ्यानं मला तोंडावर विचारलं, "म्याडम, तुमचं संशोधन खुलं व्हायलंय, आन् आमी उघडे पडायलोत, त्याचं काय?"

या प्रश्नावर जगभर विचार झालाय, आणि तोही आपल्यासारख्यांनीच पुढं आणलाय. आदिवासी आणि मूळनिवासी समाजांच्या माहितीबद्दल २०१९ साली काही तत्त्वं मांडली गेली. माहितीचा लाभ समाजाला मिळावा, तिच्यावर त्यांचा अधिकार असावा, वापरणाऱ्यावर जबाबदारी असावी, आणि त्या लोकांचं भलं-बुरं आधी बघावं. त्याच्या तीन वर्षं आधी शास्त्रज्ञांनी दुसरी तत्त्वं मांडली होती : माहिती सापडावी, उघडावी, जुळावी, पुन्हा वापरता यावी. माहितीचं काय व्हावं ते त्यात होतं, माहिती देणाऱ्याचं काय व्हावं ते नव्हतं. मला दोन्ही हवी वाटतात. पण क्रम लावायची वेळ आलीच, तर गावाला पहिला मान.

शेजारच्या, तेव्हाच्या अखंड आंध्रात हे करून झालंय. २००३च्या सुमारास तिथल्या सात अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत, सहाशेवर गावांत, शेतकरीच पाऊस आणि बोअरची पातळी मोजू लागले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची मदत होती. आकडे आधी गावच्या भिंतीवर रंगवले जायचे, रब्बीच्या आधी सगळे बसून पाण्याचा अंदाज बांधायचे. कुणी काय पेरावं याची सक्ती नव्हती. कितीतरी शेतकऱ्यांनी भात कमी करून कमी पाण्याची पिकं घेतली ती स्वतःच्या मनानं, कारण हिशेब त्यांनी स्वतः मांडलेला होता. आपल्याकडं हिवरे बाजारला ग्रामसभा दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिकं ठरतात. जालन्याच्या कडवंचीत कृषी विज्ञान केंद्र आणि गावानं मिळून १९९६पासून पाणलोटाचं काम उभं केलं आणि कोरडवाहू गावात द्राक्षं आली. तिन्ही ठिकाणी माहिती पहिल्यांदा गावातच खुली झाली, म्हणून ती टिकली असं मला वाटतं.

आमच्या गावात ग्रामसभेत यावर बराच वेळ वाद झाला. बायका सहसा मागं बसतात, त्या दिवशी मावशी पुढं येऊन बसल्या होत्या. शेवटी असं ठरलं : विहिरींची पातळी आणि पाऊस पूर्ण खुला, मोजणाऱ्याच्या नावासकट. पिण्याच्या पाण्याची तपासणी आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत, धोका असेल तर काय करायचं त्यासह, आणि मगच जालावर. बोअरची खोली खुली, पण नाव आणि गट नंबर काढून, शिवाराच्या पातळीवर. मूळ वही गावात राहणार. बाहेरून कुणी अभ्यासाला आलं, तर निष्कर्ष सांगायला परत येण्याचा खर्च त्यांनी आपल्या प्रकल्पात धरलेला असावा, ही अट मावशींनी घालायला लावली. मी ती अट आता आमच्या कॉलेजातल्या प्रत्येक प्रकल्पाच्या अर्जात लिहिते. प्रवासखर्चाची एक ओळ. निधी देणाऱ्यांनी ती कापू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाकतो. गावानं मोजलेला पाऊस नुकसानभरपाईच्या कामी येणार नाही. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळातल्या नोंदीवर, २४ तासांत ६५ मिलिमीटर. मंडळातल्या एका गावात स्वयंचलित केंद्र असतं आणि ढग दुसऱ्याच गावावर फुटतो, हे दर वर्षाचं रडगाणं. गावोगावच्या मोजणीला मान मिळाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण आज तो नाही, आणि खोट्या आशेवर माणसाला रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकापाशी उभं करणं बरोबर नाही. तरीही गावातली काही पोरं रोज मोजतात. त्यांच्या सोयाबीनच्या फवारणीला ते उपयोगी पडतं, हे एक. आणि आपल्या शिवाराचा पाऊस आपल्याला माहीत असावा, असं त्यांना वाटतं, हे दुसरं.

पावसाच्याच नादानं आम्ही सध्या एका जुन्या रजिस्टरात अडकलोय. एका तहसिलीच्या अभिलेख कक्षात निजामाच्या काळातलं पावसाचं रजिस्टर मिळालं. अधिकाऱ्यांनी फोटो काढू दिले, त्यांचे उपकार. कागद कडांना पिवळा पडलाय, शाई तांबूस झालीय. मजकूर उर्दू, आकडे उर्दू, साल फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली, महिने फारसी नावांचे. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळं डिसेंबरपर्यंत सालात ५९० मिळवले की आपलं साल येतं, जानेवारीपासून पुढं ५९१, आणि अमरदाद म्हणजे साधारण जून आणि शहरेवर म्हणजे जुलै, असं बेतानं लावत जावं लागतं. पाऊस इंचात आणि इंचाच्या शंभराव्या भागात, ज्याला तेव्हा सेंट म्हणत. गावातले निवृत्त उर्दू शिक्षक, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, संध्याकाळी भिंग घेऊन बसतात. ते वाचतात, मुलं लिहितात. काही चौकटींत शून्य आहे, काहींत नुसती आडवी रेघ. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रेघ म्हणजे काय? मोजणारा रजेवर होता, की तोही शून्यच लिहीत होता? चाचांनी एकाच महिन्यात दोन्ही खुणा एका हस्ताक्षरात आहेत हे दाखवलं. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात फरक होता. आम्ही रेघेला ‘नोंद नाही’ धरलं, आणि असं का धरलं तेही लिहिलं. प्रत्येक आकड्याशेजारी त्या चौकटीचा फोटो ठेवतोय. उद्या कुणाला पटलं नाही, तर त्यानं स्वतः पाहून ठरवावं.

हे काम मोठं वाटतं, पण ते होऊ शकतं याला पुरावा आहे. २०२०च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी पावसाच्या जुन्या हस्तलिखित तक्त्यांचे फोटो लोकांपुढं ठेवले आणि टंकून द्यायला मदत मागितली. सुमारे ६६ हजार पानं. १६ हजारांवर माणसांनी ५२ लाख नोंदी १६ दिवसांत उतरवल्या. एकच आकडा अनेकांनी स्वतंत्रपणे वाचायचा, जुळला की पक्का. त्यातून तिथल्या पावसाचा इतिहास कितीतरी वर्षं मागं सरकला, आणि ब्रिटनमधलं नोंदींतलं सर्वांत कोरडं साल १८५५ हे नव्यानं पुढं आलं. ती सगळी माहिती खुली आहे. आमच्या मुलांनी त्यांची रीत तशीच्या तशी उचलली. एक पान तीन जणांनी एकमेकांना न दाखवता उतरवायचं.

आम्हाला माणसं मात्र कमी पडताहेत. उर्दू आकडे आणि शिकस्ता, म्हणजे झरझर मोडून लिहिलेलं हस्ताक्षर वाचता येणारे आमच्या तालुक्यात मोजकेच उरलेत, आणि तेही वयानं थकलेले. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असे आजोबा, नाना, चाचा असतील, तर त्यांच्याशेजारी एक नातवंड बसवा. परभणी, नांदेड, बीड, जालना, हिंगोलीकडच्यांनी आपल्या तहसिलीत रीतसर अर्ज करून अशी रजिस्टरं आहेत का, ते विचारून बघावं. फोटो काढाल तेव्हा वरचा मथळा आणि समासातल्या बारीक नोंदी कापू नका. मापक फुटला, मापक हलवला, हे तिथंच लिहिलेलं असतं. आणि तेव्हाचा पर्जन्यमापक नेमका कुठल्या वाड्याच्या अंगणात, कुठल्या झाडाशेजारी बसवलेला होता, हे सांगणारं एखादं जुनं माणूस गावात असेल, तर रजिस्टराला हात लावायच्या आधी त्याच्याकडं जाऊन या.